दातात धरलेला पदर

दोन हजार सतरा साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. डावा कान पुरता गेला होता, उजवा जायला निघाला होता, आणि ही गोष्ट बुऱ्हाणपुरात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

आता यंदा, परवा आषाढ सप्तमीला ताप्तीमायच्या जन्मदिवसाची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. ढोल मला आधी पायांत कळला. ओट्याची फरशी तळव्याखाली थरथरायला लागली, मग धूळ उठली, मग लाल रंग दिसला. शेवंता, माझी बायको, आतून येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चुनरी चालली." मी म्हटलं, "दिसते मला." बाया डोक्यावर धरून नेत होत्या. साडीला साडी जोडत केलेलं ते कापड वळणावरून येतच होतं, संपत नव्हतं. दरवर्षी माझा हात अशा वेळी आपोआप जबड्याकडे जातो. खालचे दोन दात तिथे नाहीत. ते त्या सतरा सालातच गेले.

चुनरी म्हणजे नदीला नेसवायची साडी. या काठापासून त्या काठापर्यंत, म्हणजे राजघाटापासून पल्याड जैनाबादच्या बाजूपर्यंत. बाकी लोक ती नावेत ठेवून उलगडत नेतात. आमच्या टोळीने कधी नाव घेतली नाही. आम्ही पोहून नेत असू. आठ जण, ठरावीक अंतरावर, प्रत्येकाच्या खांद्यावर कापडाची एक कड. अंगाला बांधायची नाही, कमरेला खोचायची नाही. सगळ्यांत पुढे जो असेल त्याने पदराचं टोक दातात धरायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पुढच्याने मागे पाहायचं नाही, कारण मान वळवली की दातांची पकड ढिली होते. मागे काय चाललंय ते त्याला आवाजावरून कळतं. कापड कुठे अडकलं, कुणी गुरफटलं, की मागचा ओरडतो, "सोड!" सोड म्हटलं की तोंड उघडायचं. एवढाच कायदा. मग चुनरी वाहून गेली तरी त्यात कमीपणा नाही. मायने मधूनच उचलली, असं म्हणायचं आणि परत फिरायचं.

मी एकतीस वर्षं पुढे होतो. एकदाही तोंड उघडायची वेळ आली नव्हती. माझ्यासारखा पोहणारा या पट्ट्यात झाला नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे. खोटं कशाला बोलू?

शाळा चौथीपर्यंत. नंतर वडिलांनी पावरलूमवर घातलं. लूमच्या शेडमध्ये तुम्ही कधी उभे राहिला नसाल तर सांगतो, तिथे बोलणं ऐकत नाहीत, पाहतात. वीस यंत्रं एकदम खडखडत असली की समोरचा काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरून घ्यायचं. चहा आला, धागा तुटला, शेठ आला, सगळं ओठांवरून. सहा महिन्यांत कुणालाही ती विद्या येते. मी छत्तीस वर्षं तिथे काढली. सुट्टी झाली की थेट घाटावर. अंगावरचा कापूस पाण्यात सुटायचा आणि माझ्याभोवती पांढरा होऊन तरंगायचा. पुंडलिक म्हणायचा, "सुक्या, तू नदीत नाही उतरत रे, तू नदीत पिंजून निघतो."

पुंडलिक फोपनारचा. केळीवाला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पोहण्यात माझ्यापेक्षा थोडा मागे, आणि बाकी सगळ्यांत पुढे. शर्यतींमध्ये आमची गाठ पडली. तेव्हा भादव्यात, पूर थोडा ओसरला की, वरच्या अंगाच्या गावापासून राजघाटापर्यंत पोहण्याची शर्यत लागे. मी पहिला, तो दुसरा. पुढच्या साली तेच. तिसऱ्या साली त्याने मला काठावर गाठून विचारलं, "भो, एखाद्या साली तुले ताप नाही का येत?" तिथून दोस्ती.

समुद्रात आम्ही एकदाच पोहलो. कोकणात मोठी शर्यत होती, कुणीतरी आमची नावं पाठवली. मी सत्तावीस वर्षांचा. समुद्र पाहिला आणि मला वाटलं, हे तर नुसतं पाणी. पण नदीचं मन ठरलेलं असतं, ती एकाच दिशेला ओढते. समुद्र घडीघडी मन बदलतो. प्रत्येक लाट मी छातीने फोडत गेलो. डोळ्यांत मीठ, नाकात मीठ, किनारा जवळ दिसतो आणि परत लांब जातो. पुंडलिक मात्र लाट आली की अंग सैल सोडायचा, ती नेईल तितकं जायचा, ती गेली की चार हात मारायचा. त्या दिवशी तो माझ्या कितीतरी आधी वाळूत बसून शेंगा खात होता. आयुष्यात तेवढ्या एकाच शर्यतीत तो माझ्यापुढे गेला. तिथे बुडणाऱ्यांना काढणारा एक म्हातारा कोळी होता. त्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, "पोरा, ओढतंय तेव्हा भांडू नये. सोडून द्यावं. दमला की समुद्रच सोडतो." मी ते नीट ऐकलं. तेव्हा ऐकू येत होतं.

लोकांना पाण्यातून काढायचं काम मी कधी सुरू केलं ते सांगता येत नाही. घाटावर असलो की कुणी घसरायचं, मी जायचो. किती काढले ते मोजले नाहीत. वाचलेला माणूस मोजू नये असं आमच्यात मानतात. ज्याला काढलं त्याने नारळ आणायचा, तो आम्ही नदीला द्यायचा, बस. बुडणाऱ्याच्या तोंडासमोर जायचं नाही, तो मिठी मारतो आणि दोघं जातात. मागून जायचं, केस धरायचे. पुढे पुढे निगमवाल्यांनी, म्हणजे महापालिकेने, पावसाळ्यापुरती आमची घाटावर नेमणूक केली. सकाळी नाव पुकारायचे, आपण हजर म्हणायचं, नारिंगी जॅकेट अंगात घालायचं. त्या जॅकेटाचा मला फार अभिमान होता. मी ते घालत नसे, खांद्यावर टाकत असे.

कान दोन्हीकडून गेले. एकीकडून लूम, दुसरीकडून नदी. खोल बुडी मारली की कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं, मग पाणी व्हायचं, मग पू. लसूण घालून कढवलेलं तेल शेवंता टाकायची. बरं वाटायचं. पन्नाशीनंतर डाव्या बाजूला नुसती शांतता बसली. मला तिचा त्रास नव्हता. माझ्यासमोर येऊन बोलणाऱ्या माणसाचा एक शब्द मी चुकवत नव्हतो. हजेरीच्या वेळी साहेबांच्या तोंडावर नजर ठेवायची, माझं नाव त्यांच्या ओठांवर आलं की हजर. घाटावर शेवटच्या पायरीवर उभं राहायचं, उजवी बाजू लोकांकडे ठेवून. शिटी वाजवणारा मीच, त्यामुळे शिटी ऐकायचा प्रश्न नाही. मी स्वतःला सांगत होतो, बुडणारा माणूस ओरडत नाही, त्याच्या तोंडात पाणी असतं. त्याला डोळ्यांनीच पाहायचं असतं. हे खरंही आहे. पण काठावरचा माणूस ओरडतो. ते मी स्वतःला सांगत नव्हतो.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? नाव कापलं असतं. बहिऱ्याला घाटावर कोण ठेवील? लूम सुटलेली, घाट सुटला तर मी कोण? ओट्यावर बसलेला म्हातारा.

त्या सतरा साली घाटावर नवी टोळी आली. रबराची बोट, मागे मोटार, त्यात होमगार्डची एक मुलगी, आरती. निंबोल्याची. पंचविशीतली, पोहण्यात चांगली. मी म्हणालो नाही कधी, पण होती. सप्तमीच्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, जॅकेट पहनून घ्या ना. पाणी चढलंय. सर ओरडतील."

"चुनरी घेऊन जाणाऱ्याच्या अंगावर जॅकेट? मायला काय वाटेल?"

"मायला वाटेल काका शहाणे झाले."

पुंडलिक हसला. तो माझ्या मागे चौथा असायचा, बरोबर धारेच्या मध्यात, जिथे कापडाला सगळ्यांत जास्त ओढ बसते. तिथे भरवशाचा माणूस लागतो. तो आरतीला म्हणाला, "बाई, तू बोट घेऊन खालच्या अंगाले थांब. याले समजावणं म्हणजे हत्तीले अंघोळ घालणं." राजघाटासमोर पात्रात दगडाचा हत्ती आहे. दोन दिवसांपूर्वी तो अख्खा बुडाला होता, त्या सकाळी त्याची फक्त पाठ दिसत होती.

पाणी चहासारखं. मी टोक दातात धरलं आणि उतरलो. कापडाला नव्या सुताची चव असते, खळीची. आजही ती जिभेवर आहे. पहिला निम्मा पल्ला नेहमीसारखा गेला. मध्याच्या पुढे गेलो आणि दातांना हिसका बसला. मग ओढ लागली. अशी ओढ एकतीस वर्षांत लागली नव्हती. वरच्या अंगाला कुणाच्या तरी बागेत पाणी शिरून केळीची खांबं वाहून आली होती, एकात एक अडकलेली, खोलीएवढी मोठी गुंतवळ. ती कापडावर येऊन बसली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, माय पाहते आहे, म्हातारा झालास का? मी म्हटलं, नाही. आणि ओढलं. जबड्यातून काहीतरी तुटल्याची कळ आली. तोंडात रक्त आलं. मी आणखी ओढलं. माझ्याभोवती तर सगळं शांत होतं. इतकं शांत, की मला ती देवळातली शांतता वाटली.

पल्याडच्या चिखलात गुडघे टेकले, टोक हातात घेऊन हात वर केला आणि वळलो.

राजघाटावर माणसंच माणसं. सगळ्यांची तोंडं उघडी. मी समजलो, जयजयकार चाललाय. मग बोट दिसली. आरती बोटीच्या कडेवर पोटावर पडून विळ्याने कापड कापत होती. कापडाच्या आत माणूस होता.

पुंडलिकला बाहेर काढलं तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. आरतीने त्याच्या छातीवर दाब देऊन त्याला परत आणलं. गळ्याभोवती कापडाचा वळ उमटला होता, फासासारखा. तो ओरडला होता, "सोड." एकदा नाही, जोपर्यंत तोंड पाण्याबाहेर होतं तोपर्यंत. त्याच्या पुढचे ओरडले, मागचे ओरडले. काठ ओरडला. फक्त ज्याच्यासाठी ओरडत होते तो पुढे ओढत राहिला, आणि जितका तो ओढत होता तितका फास आवळत होता.

आता काय झालं ते ऐका. मला कुणी शिवी दिली नाही. चुनरी काढणाऱ्या मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि गळ्यात हार घातला. "दात तुटले पण पदर सोडला नाही." कुणी म्हणालं, "मायने परीक्षा घेतली." मी सगळ्यांचे ओठ वाचत होतो. एकाच्याही ओठांवर बहिरा हा शब्द नव्हता. मी हार गळ्यात राहू दिला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पुंडलिकला बोलता यायला लागलं. त्याची बायको, विमलवहिनी, उशाशी. मी खाटेजवळ स्टूल घेऊन बसलो. त्याने मान माझ्याकडे वळवली. मग ओठ हलले.

"सुक्या, तुले ऐकू नाही आलं का रे?"

एवढंच विचारलं. त्याने माझ्यासाठी दार उघडं धरलं होतं. नुसतं नाही म्हणायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर सकाळची हजेरी आली, साहेबांचं पेन आलं. आणि मी म्हणालो, "आलं. पण पदर होता ना, भो."

विमलवहिनीने खाली पाहिलं. पुंडलिकने भिंतीकडे तोंड केलं. त्याची पाठ थोडी हलत होती, खोकल्याने असेल असं मला वाटलं. मी वाट पाहिली. पाठ हलायची थांबली. तरी तो वळला नाही. मी स्टूल बाजूला ठेवून उठलो आणि निघून आलो.

श्रावण तसाच गेला. पुंडलिक घरी गेल्याचं कळलं, त्याचा दम गेला होता, बागेत चार पावलं चालला की बसतो म्हणे. मी गेलो नाही. तो रागावला आहे, त्याचा हक्क आहे, असं मी म्हणत होतो. खरं तर त्याच्यासमोर बसून पुन्हा तेच खोटं बोलायची माझी छाती नव्हती. पोळा झाला. आमच्याकडे बैल नाहीत, पण शेवंता मातीचे आणते, पुरणपोळी करते. त्या दिवशी तिने ताट वाढलं आणि समोर येऊन म्हणाली, "फोपनारले नाही गेले?" मी म्हणालो, "कुणी बोलावलंय?" तिने ताटात आणखी एक पोळी वाढली.

शेवंताबद्दल एक सांगायचं राहिलं. ती माझ्याशी बोलायची तेव्हा नेहमी आधी समोर यायची. चुलीपाशी असली तरी उठून यायची. हातातलं पीठ तसंच. मला वाटायचं तिची सवय आहे. किती वर्षांची सवय, ते मी कधी मोजलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती आतूनच हाक मारायची, हे मला अलीकडे आठवलं. आठवलं तेव्हा मी बराच वेळ तिच्या पायांकडे पाहत बसलो. दिवसातून कितीदा उठत असेल ही बाई.

गणपती बुडवायचा दिवस. दुपार. घाटावर गुलाल इतका, की पायऱ्या लाल चिखलाच्या झाल्या होत्या. मी माझ्या जागेवर, शेवटच्या पायरीवर. गर्दीने रेटलं म्हणून थोडा सरकलो होतो आणि माझी डावी बाजू लोकांकडे आली होती. वरच्या अंगाकडून मोठ्या मूर्तीची नाव येत होती, माझं लक्ष तिकडे. ऊन पाण्यावर चमकत होतं. मूर्ती हलत हलत येत होती आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. जगातला सगळा गोंगाट कुणीतरी कापडात गुंडाळून ठेवला आहे असं.

पाठीवर बुक्क्या बसायला लागल्या.

वळलो. एक बाई, तिशीची, केस सुटलेले, दोन्ही मुठींनी मला मारत होती. तिचं तोंड इतकं वाकडं झालं होतं की मला ओठ वाचता येईनात. मग तिने बोट दाखवलं. माझ्या डाव्या हाताला, चार हातांवर, पाण्यात एक पाट तरंगत होता. पाटावर गणपती नव्हता. पाट धरणाराही नव्हता.

मी उडी टाकली. पहिल्या बुडीत नुसता गाळ. दुसऱ्या बुडीत फुलांचे हार हाताला लागले. तिसऱ्या बुडीत केस. वर आणलं, बोट आली, आरतीने ओढून घेतलं. पोटातलं पाणी निघालं, माणूस ओकला, रडला, जगला. अगदी काठावरून परत आला. आरती माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "काका, ती बाई किती वेळची ओरडत होती. तुमच्या मागेच उभी होती."

तेवढ्यात त्या बाईने माझे पाय धरले. वर पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही गणपतीकडे बघत होते, हात जोडत होते, म्हणून तुमचं ध्यान नव्हतं. देवानंच तुमच्याकडून काढवलं त्यांना."

मी हात जोडलेच नव्हते.

बघा, दुसऱ्यांदा. माझ्या बहिरेपणाच्या जागी लोक देव आणून ठेवत होते. मी मागितलं नव्हतं, ते आपण होऊन देत होते, आणि मी घेत होतो. कुणी माझ्यावर आरोप केला असता तर मी भांडलो असतो, अंगावर धावून गेलो असतो, मला तेच जमतं. पण पाया पडणाऱ्या बाईशी कसं भांडायचं? तिच्या नवऱ्याला आणखी थोडं पाणी जास्त गेलं असतं तर तिने कुणाचे पाय धरले असते?

आरतीला म्हटलं, "मी येतो." ओल्या कपड्यांनीच ऑटोत बसलो. ऑटोवाला सीट भिजली म्हणून कटकट करत असावा, मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

फोपनारला पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. बागेतून घड उतरवून झाले होते, कापलेल्या खांबांचा तुरट वास सगळीकडे. पुंडलिक खळ्यावर खाटेवर बसलेला. वाळला होता. विमलवहिनी माझ्याकडे पाहून आत जायला लागली, पुंडलिकने तिला हाताने थांबवलं. मी खाली जमिनीवर बसलो. खाटेवर बसायची हिंमत झाली नाही.

"कायले आला?" तो म्हणाला.

"ऐकू नव्हतं आलं," मी म्हणालो. "सप्तमीले. तू ओरडला ते मले ऐकू नव्हतं आलं. मले ऐकूच येत नाही, भो. किती वर्षं झाले. तुझं तोंड पाहून बोलतो मी तुझ्याशी."

तो खाटेवर पुढे सरकला. मग त्याने मुद्दाम पदरासारखा पंचा तोंडावर धरला आणि थांबला. खाली घेतला.

"काय बोललो?"

"माहीत नाही."

विमलवहिनी दारातच खाली बसली. पुंडलिकला धाप लागली, छाती भात्यासारखी. मला वाटलं आता शिव्या देतो. मला त्या हव्या होत्या. पण तो विचारू लागला, एकेक शब्द वेगळा करून, जसं पोराला विचारतात.

"मग दवाखान्यात. मी भिंतीकडे तोंड करून तुले जे बोललो ते?"

"तू बोलला?"

"अरे मेल्या! बोलला म्हणजे? पहिले तर तुले आईवरून शिव्या दिल्या. मग म्हटलं, जाऊ दे, तुझी बुद्धीच रेड्याची, तू सोडणारा नाहीसच, मले माहीत होतं अन् तरी मी तुझ्या मागं पोहत आलो, तर चूक माझीही. म्हटलं, पोळ्याले घरी ये, सोबत जेवू. तू उठला अन् चालला गेला. हाव म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही."

विमलवहिनी चेहरा नीट माझ्याकडे करून म्हणाली, "पोळ्याच्या दिवशी हे उन्हं कलेपर्यंत जेवले नाहीत, भाऊजी. ताट झाकून ठेवलं होतं तुमचं."

जमिनीवर मुंग्यांची ओळ चालली होती, ती पाहत राहिलो. माणसाला माफी मिळालेली असते, त्याच्या पाठीमागे ती बोललेली असते, आणि तो दोन महिने गुन्हेगारासारखा फिरतो. याला काय म्हणावं ते माझ्या चौथीच्या पुस्तकात नव्हतं.

"खोटं कायले बोलला पण?" पुंडलिकने विचारलं. "ऐकलं म्हणून कायले सांगितलं? मी दोन महिने हेच समजतो, की माझ्या जिवापेक्षा याले कापड मोठं."

"घाटावरून काढतील म्हणून."

"म्हणजे दोस्ताले मारायला निघाला होता असं म्हणवून घेशील, पण बहिरा म्हणवून नाही घेणार."

"हाव."

हे हाव मी म्हणालो तेव्हा मला स्वतःचं तोंड परकं वाटलं. आयुष्यभर मी इतक्या शर्यती जिंकलो, पण एवढं लांबचं अंतर कधी कापलं नव्हतं. पुंडलिक हसायला लागला. हसता हसता खोकला आला, वहिनीने पाठ चोळली. डोळे पुसून तो म्हणाला, "भो, तू खरंच रेडा आहे." मग एकदम गंभीर झाला. "आज कोण बुडत होतं?"

मी अजून सांगितलंच नव्हतं. माझे ओले कपडे आणि कानाजवळचा गुलाल त्याने पाहिला असावा. मी सांगितलं. पाटाचं, बाईच्या बुक्क्यांचं, सगळं. तिने पाय धरल्याचंही.

केळीची पानं हलत होती. त्यांचा आवाज कसा असतो ते मला आठवत होतं, फडफड, ओल्या धोतरासारखी. मग त्याने खाटेवरून वाकून माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड स्वतःकडे वळवलं, जेणेकरून मी चुकवू नये.

"मी तुले सोड म्हटलं होतं तेव्हा तुले ऐकू आलं नाही. त्याले इलाज नव्हता. आता तर पाहून राहिला ना? सोड."

विमलवहिनीने त्या रात्री मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकरी, केळफुलाची भाजी. पुंडलिक माझ्यासमोर बसून जेवला.

पुंडलिक त्यानंतर चार वर्षं जगला. दम लागायचा, पण जगला. आता माझ्या उजव्या कानात सरकारी मशीन आहे. ते लावलं की भांडी फार मोठ्याने वाजतात, पंखा गुरगुरतो, आणि माणसांचं बोलणं त्या सगळ्याच्या खाली दबून येतं. सप्तमीला मी ते काढून ठेवतो. ढोल पायांनी ऐकलेला बरा. चुनरी आता बोटीतून जाते. आरती पुढे असते, तिच्या हाताखाली चार जण आहेत. ती भेटली की समोर येऊन, तोंड उघडून, सावकाश बोलते. मला तिचा राग येतो आणि बरंही वाटतं.

कोकणातल्या त्या कोळ्याचं बोलणं मला पटायला पस्तीस वर्षं लागली. काही माणसांना ऐकू आलेलं कळायलाही तेवढा वेळ लागतो, त्यात कानाचा दोष नसतो.

फोपनारहून परत आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी हजेरीच्या आधी घाटावर गेलो. पायऱ्यांवर आदल्या दिवसाचा गुलाल वाळला होता. साहेब टेबल मांडत होते, आरती आणि बाकीचे पोहणारे ओळीत उभे होते. साहेबांनी वही उघडली. मी ओळीत गेलो नाही. टेबलापुढे उभा राहून म्हणालो, "साहेब, माझं नाव खोडा. मला ऐकू येत नाही."

साहेब हसले. "सुकदेवकाका, सकाळी सकाळी मजाक? तुम्हाला तर सगळं ऐकू येतं."

"मी वळतो," मी म्हणालो. "तुम्ही माझ्या पाठीमागून काय वाटेल ते बोला. सगळे बोला. मला ऐकू आलं तर मी हजर म्हणतो."

आणि मी सगळ्यांकडे पाठ केली, ताप्तीकडे तोंड केलं. पाणी उतरलं होतं. हत्तीच्या पाठीवर एक बगळा बसला होता, तो उडाला. ते लोक काय बोलले, किती जण बोलले, कुणी माझं नाव घेतलं का, मला माहीत नाही. मी उभा राहिलो. बगळा पल्याड जाऊन बसला तरी उभा होतो. मग माझ्या खांद्यावर हात पडला. आरती होती. तिचे डोळे भरले होते, आणि तिच्यामागे साहेबांनी पेन उचललं होतं.